दुकानात येण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर नोकरी सोडून दुकानात येते म्हणालीस. आईला आनंद झाला, मलाही झाला. पण फोनवर तू जो हिशेब मांडलास, त्यात गल्ल्यात येईल ती सगळी कमाई धरली होतीस. म्हणून हे पत्र.

धनत्रयोदशीला गल्ला कसा भरतो ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. त्यातले बरेचसे पैसे घाऊक व्यापाऱ्याचे असतात, काही सरकारचे, काही बँकेचे. लग्नसराई आणि दिवाळी सोडली तर भांडी बाजारात कित्येक दुपारी शुकशुकाट असतो. भाडं, कामगारांचे पगार, लाइट बिल, सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज मात्र चुकत नाही. म्हणून आपणही दुकानातून ठरलेला पगारच घ्यायचा. घरच्या किराण्यासाठी गल्ल्यातून पाचशे उचलले तरी वहीत नोंद हवी.

उधारीचं नीट समजून घे. केटररची ऑर्डर मोठी असते, पातेली, पराती, झारे सगळं एकदम, आणि पैसे ‘सीझन झाल्यावर’. आपण ज्या महिन्यात बिल फाडतो त्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, समोरच्याने एक रुपया दिला नसला तरी. तू ४५ दिवसांत पैसे द्यायच्या नियमाचा विषय काढलास. तो लघुउद्योगांच्या २००६च्या कायद्यातला, माल बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी. २०२१मध्ये आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) खुली झाली, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. वसुलीला आपल्यालाच दारी जावं लागतं, आणि संबंध न तोडता जावं लागतं. मला विचारशील तर या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम हेच.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे मोड घेणं, म्हणजे जुनी भांडी वजनावर विकत घेणं. एखाद्या आजीबाई जुनं पितळी पातेलं घेऊन येतात. बुडाला डाग (झाळून बुजवलेलं भोक) दिलेला असतो, कड्या लोखंडी असतात. त्यांच्यासमोर कड्या काढायच्या, डाग दाखवायचा, घट, म्हणजे वजनातून वजावट, किती धरतोय ते आधी बोलायचं आणि मगच पातेलं काट्यावर ठेवायचं. काठावर नाव घातलेलं असेल तर ते वाचून दाखव. कधीकधी तिथेच त्यांचं मन बदलतं. नेऊ दे परत. कल्हई कुठे करून मिळेल तेही सांग. अशी माणसं नातीच्या लग्नात आपल्याकडेच येतात, हे मी पाहिलं आहे.

पावसाळ्यात आपल्या नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे, म्हणजे पुराचं पाणी त्याच्या कुठवर चढलं याकडे, लक्ष ठेवावं लागेल. २०१६ला आणि २०१९ला गोदावरीने काय केलं ते तुला आठवतं. पितळ, स्टील धुऊन पुसून विकता येतं. मिक्सर, कुकरचे खोके भिजले की आतला माल चांगला असूनही गिऱ्हाईक हात लावत नाही. जूनपासून ते सगळं माळ्यावर. विम्यात पूर आहे ना ते दरवर्षी वाचून बघ, आणि स्टॉकची रक्कम खरी लिही. कमी लिहिली तर भरपाईही त्याच प्रमाणात कापतात.

सिंहस्थासाठी तांब्याचे गडू, कलश भरून ठेवू म्हणतेस. भरू, पण रोखीने झेपतील तेवढेच. गर्दी ओसरल्यावर उरलेल्या मालावरही व्याज चालूच राहतं.

तू यावंस असं मला मनापासून वाटतं. तुझं कॉम्प्युटरचं ज्ञान, तुझं बोलणं, दोन्हींची दुकानाला गरज आहे. राजीनामा देण्याआधी सहा महिन्यांचा स्वतःचा खर्च बाजूला ठेव, म्हणजे पहिल्याच मंदीत गल्ल्याकडे बघावं लागणार नाही. आणि जमेल त्या शनिवारी ये. उधारीची वही घेऊन तुला दोन-चार जणांकडे सोबत न्यायचं आहे.

तुझे बाबा