उलटी बाजू

चि. श्रावणीस,
अनेक आशीर्वाद.

सोलापुरी चादरीच्या मोरावरून तू केलेलं जाकीट परवा मिळालं. शिलाई सुरेख आहे, आईने लगेच अंगात घालून बघितलं. मी सवयीने ते उलटं केलं. आतून कोरं पांढरं. मोर छापलेला होता. तेवढ्यासाठी हे पत्र.

आपल्या चादरीला उलटी बाजू नसते, बाळा. एकीकडे तांबड्यावर पांढरा मोर, पालटली की पांढऱ्यावर तांबडा. रंग वरून लावलेला नाही, ताण्याबाण्यातच आहे. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. भोक असेल तिथला हूक वर जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत मोराच्या मानेवर तोच डाग. तीस वर्षं मी ती मान बघत मागावर उभा राहिलो.

म्हणून सांगतो, छापू नकोस, विणून घे. तयार चादर कापून जाकीटही शिवू नकोस. तिचं सूत जाड, कापलं की कडा सुटते. शिवाय मोर बेतलेला असतो चादरीच्या पन्ह्याला. तुझ्या कात्रीखाली मान खांद्यावर आणि पिसारा बगलेत जाईल. सूत बारीक घे, नक्षी कपड्याच्या मापाने नव्याने काढ आणि तिची कार्डं पाडून घे. नमुन्यासाठी माग दोन-तीन दिवस अडतो. त्या दिवसांची मजुरी विणकराला वेगळी दे. आम्हाला ती कधी मिळाली नाही.

लेबलवर 'सोलापुरी चादर' घालायची घाई नको. २००५ साली चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं; ते नाव नोंदणी केलेल्यांनीच वापरायचं असतं. बाहेरचा माल आपल्या नावाने विकला जाताना मी डोळ्यांनी पाहिलाय. फार लागायचं ते. तुझ्या हातून तसं होऊ नये.

बाराबंदीवरून, म्हणजे बंदांनी बांधायच्या आपल्या जुन्या अंगरख्यावरून काढलेला कुडता मात्र मला जाकिटापेक्षा आवडला. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणाऱ्यांच्या अंगात बाराबंदी असते. बंद शोभेला लावू नकोस, खरेच बांधता येऊ देत. आणि पांढरीच ठेव.

एक खटकलं. माहितीपत्रकात 'आमचा मराठी वारसा' एवढंच लिहिलंयस. तुझे पणजोबा तेलंगणातून इथे सोलापूरला आले ते मागावर पोट भरायला. आपण पद्मशाली, विणकरांची जात; घरात तेलुगू, बाजारात मराठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांच्या रथापुढे तू नाचायचीस, ते कुठे गेलं? आईने विड्या वळून तुझी फी भरली, तेही गावाच्या याच पूर्वभागात. लाजण्यासारखं त्यात काही नाही, ते सगळं लिही.

गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा चार दिवस जास्त काढ. अशोक चौकातल्या कार्डं पाडणाऱ्याशी बोलून ठेवलंय. मोर आलेखाच्या कागदावर काढून आण, चौकोन मोजून.

तुझा,
बाबा