कॅप्सूल मीच काढून घेतल्या

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी कबुली देते. पलंगाशेजारच्या खणात ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल शोधत असाल तर शोधू नका. निघताना मीच त्या दादाच्या पिशवीत टाकल्या. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते.

रागावू नका ना. आठवड्याला एक घ्यायची कॅप्सूल तुम्ही रोज घेत होतात, वर आईलाही देत होतात! हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठत राहतं. फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला त्रास आणि डोक्यात गोंधळसुद्धा. म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या भीतीनं घेतलंत, आणि डोक्यातला गोंधळच दारात. डॉक्टरांशी बोलले आहे. परवा सकाळी माणूस घरीच येऊन दोघांचं रक्त नेईल. ड, कॅल्शियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि आईचं बी-१२ व थायरॉईडही, कारण बी-१२ कमी झालं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसरायला होतं आणि त्यांवर औषध आहे. सुई टोचताना आईजवळ वहिनी बसेल.

का घेत होतात ते मला कळतं. मोठ्या काकांचं शेवटचं वर्ष मीही पाहिलंय. आईनं मला ताईच्या नावानं हाक मारली तेव्हा तुम्ही पेपर खाली ठेवलात, तेही पाहिलं. (आई, तू तर आम्ही लहान असतानाही तिघांची नावं घेऊन मगच बरोबर नावावर यायचीस. तेव्हा कुणी घाबरत नव्हतं.)

बाबा, तुम्ही जपून ठेवलेलं कात्रण खोटं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,६५८ ज्येष्ठांना साडेपाच वर्षांच्या आसपास पाहिलं होतं. ज्यांचं ड फारच कमी होतं त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. पण संबंध दिसला म्हणून कारण सापडलं असं नाही. ज्याला विसरायला होऊ लागतं तो घराबाहेर पडेनासा होतो, ऊन मिळत नाही, ड उतरतं. आधी काय झालं हे अशा अभ्यासातून सांगता येत नाही. पुढे व्हायटल नावाच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज २,००० युनिट देऊन पाहिली, स्मरणशक्तीत एकंदर फरक पडला नाही. त्यातल्या बहुतेकांना कमतरता नव्हतीच, हेही खरं. म्हणून तुमची कमतरता निघाली तर ती जरूर भरून काढायची, हाडांसाठी तरी. फक्त डॉक्टर सांगतील तेवढीच, आणि जेवणाबरोबर.

आता उन्हाचं. बंद काचेमागे खुर्ची टाकून बसता ते ऊन नुसतं उबेचं. ड तयार करणारे किरण काच अडवते. शिवाय वय वाढलं की कातडी पूर्वीसारखं ड बनवत नाही, त्यामुळे सगळी भिस्त उन्हावरही नको. तरी दोघांनी थोडा वेळ बाहेर चाला. तोल जायला नको म्हणून हात धरून. लाजू नका. गोवर येऊन गेल्यावर मला शालीत गुंडाळून गच्चीत घेऊन बसायचात, आठवतं? पाय जमिनीला लागू द्यायचा नाहीत. मला अजून तुमच्या सदऱ्याचा खरखरीतपणा गालाला जाणवतो.

आणि एक, हे तुम्हाला आवडणार नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्यासारख्या १४ गोष्टी दिल्या. त्यात ड नाही. कमी ऐकू येणं आहे. बाबा, तुम्हाला ऐकू कमी येतं. तुम्ही म्हणता लोक पुटपुटतात. घरातले सगळेच एकदम कसे पुटपुटायला लागले? गुरुवारची कान तपासायची वेळ मी घेऊन ठेवलीय, दादा रजा काढतोय. यंत्र आता एवढंसं असतं, केसांआड जातं. नको वाटलं तर काढून ठेवा, पण महिनाभर घालून बघा. माझ्यासाठी.

उपाशीपोटी रक्त द्यायचं का, हे दादा उद्या फोन करून सांगेल.

आई, हे पत्र बाबांना वाचून दाखव. मोठ्यानं.

तुमची,
छोटी