पुराच्या दिवसांत तरी जाहिरातीचे फोन थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर एका निवृत्त काकांचं पत्र वाचलं. दुपारी जरा आडवं झालं की कर्जाचे नाहीतर विम्याचे फोन येतात, आणि फोन करणाऱ्या या मुलींना घरात कुणी वळण लावलेलं दिसत नाही, असा त्याचा सूर होता. काकांना होणारा त्रास खरा आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ते वळणाचं वाक्य मनाला लागलं. मी त्या मुलींपैकीच एक. गेली सात वर्षं टेलिकॉलरचं काम करते आहे.

मी गुहागर तालुक्यातली. बी.कॉम. झाले तेव्हा इथे काजूच्या कारखान्यात हंगामी काम होतं, आंब्याच्या पेट्या भरायचे दोन महिने होते, नाहीतर एखाद्या दुकानात काउंटरला उभं राहायचं. म्हणून ऐरोलीला एका कॉल सेंटरला लागले. चौघींत एक खोली, सकाळी नऊचं लॉगिन. करोनात सगळ्यांना घरी पाठवलं तेव्हा कंपनीने लॅपटॉप आणि हेडसेट दिला आणि मी गावी आले. आमच्या घरात रेंज येते ती पडवीच्या एकाच कोपऱ्यात. तिथे बाबांनी मला टेबल मांडून दिलं. खोलीचं भाडं वाचलं, आईच्या हातचं जेवण मिळायला लागलं. मी खूश होते, खोटं कशाला सांगू?

लोकांना वाटतं, आम्ही नंबर शोधून फोन फिरवतो आणि मुद्दाम दुपारची वेळ गाठतो. तसं नसतं. लॉगिन केलं की डायलर चालू होतो. तो एका वेळी अनेक नंबर लावतो आणि ज्याने उचलला त्याचा फोन मोकळ्या असलेल्या मुलीच्या कानात सोडतो. कानात एक बारीक बीप वाजते, स्क्रीनवर नाव आणि पिनकोड येतो, आणि त्याच क्षणी ‘नमस्कार सर’ म्हणायचं. तुम्ही ‘हॅलो’ म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता असते, ती याचमुळे. कधी कधी फोन उचलावा आणि पलीकडे कुणीच नसावं असं होतं, तेव्हा एकही मुलगी मोकळी नसते. कुणाला, कधी, किती वेळा फोन जाणार यातलं काहीही आमच्या हातात नाही. फोन ठेवायचंसुद्धा नाही. समोरचा आईबहिणीवरून बोलत असला तरी आमच्या प्रोसेसला, म्हणजे ज्या कंपनीसाठी आम्ही फोन करतो त्या कामात, तीनदा ‘सर, कृपया शब्द जपून वापरा’ म्हणायचं आणि मगच ठेवायचा. आधी ठेवला तर आमचे कॉल तपासणारे क्वालिटीवाले त्याला ‘फेटल’ म्हणतात. त्या कॉलचे मार्क शून्य होतात आणि महिन्याचा इन्सेंटिव्ह जातो. तीनदा म्हणेपर्यंत माणूस काय काय ऐकतो, ते पेपरात लिहिण्यासारखं नाही.

ही रोजची गोष्ट झाली. माझं खरं सांगणं जुलै २०२१ मधलं आहे.

२२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठेचं काय झालं ते आपल्या वाचकांना मी सांगायला नको. आमच्याकडे लाइट नव्हती, दोन-तीन दिवस रेंज नव्हती. रेंज आली तशी मी लॉगिन केलं, कारण न आलेल्या दिवसांचे पैसे कापले जात होते. आमची प्रोसेस दुकानदारांना आणि छोट्या धंदेवाल्यांना कर्ज देण्याची होती. अकराच्या सुमारास बीप वाजली आणि स्क्रीनवर पिनकोड आला ४१५६०५. चिपळूण.

मला थांबता आलं नाही. तोंडात स्क्रिप्ट इतकी बसलेली असते की पहिली दोन वाक्यं आपोआप जातात. आपल्या व्यवसायाच्या वाढीसाठी पूर्वमंजूर कर्ज, फक्त दोन मिनिटं घेते सर. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मागे फावड्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, “बाय, दुकानात गुडघाभर चिखल आहे. धंदाच राहिला नाही, वाढ कसली?” आवाज चढलेला नव्हता. त्यांनी विचारलं, कुठून बोलतेस. आम्हाला मुंबई ऑफिसचंच नाव सांगायचा नियम होता, मी ते सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, “तिथेही पत्र्यावरच पडतोय का पाऊस?” माझ्या डोक्यावर पडवीचे पत्रे वाजत होते. ते दुकान माझ्या घरापासून एसटीने दीड तासावर असेल. माझ्या मावशीचं घर त्याच शहरात आहे, आणि त्या दिवशी बाबा तिच्याकडे तांदूळ आणि चादरी घेऊन गेले होते. मी काही बोलू शकले नाही. कॉल रेकॉर्ड होत होता. तेच म्हणाले, “तुझ्या वरच्यांना सांग, महिनाभर इकडे फोन करू नका.”

कॉल संपला की स्क्रीनवर यादी उघडते. काय झालं ते त्यातून निवडायचं असतं. इंटरेस्टेड, नॉट इंटरेस्टेड, कॉलबॅक, उचलला नाही, चुकीचा नंबर. पुरासाठी त्यात काही नव्हतं. ‘नॉट इंटरेस्टेड’ टाकलं तर नंबर काही दिवसांनी परत यादीत येतो. ‘कॉलबॅक’ टाकला तर त्याहून लवकर. मी ‘चुकीचा नंबर’ टाकला, कारण तेवढाच एक पर्याय त्या माणसाला पुढचे फोन टाळून देणारा होता. त्यानंतर चिपळूण, खेडचा जो पिनकोड आला त्याला मी तेच केलं. संध्याकाळी टीएलचा, म्हणजे टीम लीडरचा फोन आला, आज चुकीचे नंबर इतके कसे? मी खरं ते सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “डेटा, म्हणजे नंबरांची यादी, क्लायंटकडून येते, मी काय करू? तू तुझं रेटिंग खराब करू नकोस.” चार-पाच दिवसांनी माझ्यासोबतच्या मुलीला ४१५६०५ चाच कॉल लागला. ती नागपूरची, तिला बिचारीला चिपळूण कुठे ते ठाऊक नव्हतं. तिने शिव्या खाल्ल्या.

आता मी चिपळुणातल्याच एका लहान सेंटरमध्ये आहे. प्रोसेस वेगळी आहे, यादी जवळजवळ तशीच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वादळाचा आणि अतिवृष्टीचा इशारा आता जिल्ह्यानुसार थेट मोबाइलवर येतो. निसर्ग आणि तौक्ते या दोन वादळांनंतर आपल्या किनाऱ्यावर त्याची किंमत सगळ्यांना कळली आहे. जिथे इशारा पाठवता येतो तिथले पिनकोड काही दिवस डायलरमधून बाजूला काढणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही, आमच्याकडे रविवारच्या सुट्टीसाठी याद्या दर आठवड्याला थांबवतात. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१० च्या नियमांत रात्री ९ ते सकाळी ९ जाहिरातीच्या फोनना बंदी घातली होती. वेळेसाठी नियम करता आला, तर आपत्तीसाठीही करता येईल. आणि कॉल घेणाऱ्या मुलीच्या यादीत ‘या नंबरला फोन नको’ असा एक पर्याय द्या, ज्यासाठी तिला कुणाची परवानगी लागणार नाही आणि तिचे मार्क जाणार नाहीत. ते दुःख कानाने ऐकणारी फक्त तीच असते.

काकांना आणि इतर वाचकांनाही एक सांगते. नियमाप्रमाणे जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवा आणि बँकांसारख्या संस्थांचा व्यवहाराचा १६०० ने. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी कर्ज विकत असेल तर तिथेच नियम मोडला गेला. १९०९ वर फोन करून डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, लावा. तरीही फोन आला तर तो नंबर, तारीख आणि काय बोलणं झालं ते लिहून १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर तक्रार करा. पूर्वी त्याला तीन दिवसांची मुदत होती, २०२५ पासून सात दिवस मिळतात. ही तक्रार कंपनीपर्यंत पोहोचते. मला दिलेली शिवी माझ्या हेडसेटपलीकडे कुठेच जात नाही.

आमच्या सेंटरमध्ये बावीस मुली आहेत, बहुतेक चिपळूण, गुहागर, खेडच्या. पावसाळा तोंडावर आला आहे. जिल्हा प्रशासनाने आपत्तीच्या बैठकीत मोबाइल कंपन्यांचे प्रतिनिधी बोलावले, तर हा विषय तिथे एकदा तरी मांडावा. कुणाला माहिती हवी असेल तर सुट्टीच्या दिवशी मी स्वतः येऊन सगळं समजावून सांगायला तयार आहे.

आपली,
एक टेलिकॉलर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नोकरी चालू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)