मंत्रीसाहेब, पालात राहणाऱ्याने 1961 चा पुरावा कुठून आणायचा?

माननीय मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या तालुक्याला भटक्या-विमुक्तांसाठी दाखल्यांचं खास शिबीर होतं. धाकट्या भावाचा आयटीआयला नंबर लागलाय, जातीचा दाखला नसला तर सीट जाणार, म्हणून मी गेले. टेबलावरच्या साहेबांनी फाईल न उघडताच विचारलं, 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा रहिवासी पुरावा कुठाय? साहेब, आम्ही घिसाडी. तेव्हा माझा आजा गाढवावर ऐरण आणि भाता लादून गावोगाव फिरत होता, लोकांच्या विळ्या-खुरप्यांना पाणी देत होता. आज या गावाला, उद्या त्या गावाला, त्याने कुठल्या ग्रामपंचायतीचा कागद जपून ठेवायचा? "मग आम्ही काय करणार" म्हणत त्यांनी फाईल परत सरकवली.

आणि हीच सरकारी माणसं 2020 च्या कोरोनात काय बोलली होती? 25 मार्चपासून सगळं बंद, आठवडी बाजार बंद, आमचं तर पोटच बाजारावर. सरकार माणशी 5 किलो धान्य फुकट देत होतं पण ते रेशन कार्डावर, आणि आमच्या पालांवर कार्ड दोघांकडेच. आई घडवून ठेवलेले कोयते पोत्यात घालून शेजारच्या गावात ज्वारीवर बदलायला गेली, तर वेशीत काटे टाकलेले, पोरं काठ्या घेऊन उभी. "पालवाले कोरोना आणतात" म्हणून तिला हाकललं. जिने त्यांच्याच बापांचे कोयते घडवले तिला. त्या रात्री कण्या शिजवून मीठ टाकून प्यायलो आम्ही. मग एक अधिकारी आले, पालासमोर उभं करून फोटो काढले, आधारच्या झेरॉक्स नेल्या, म्हणाले लॉकडाऊन उठला की महिन्यात सगळ्यांना कार्ड. अजून एकही आलेलं नाय. भाऊ तेव्हा पाचवीत, शाळा मोबाईलवर गेली, पालात ना लाईट ना स्मार्टफोन, तरी पोराने दहावी काढली आणि आता दाखल्यावर अडलाय.

हा संशय काय कोरोनाने आणला नाय. 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात आमच्यासारख्याच भटक्या पाच डवरी गोसाव्यांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. तिकडे युरोपातही तेच, रोमा लोक, ज्यांचे पूर्वज इकडूनच गेले, त्यांच्या पाच वस्त्या स्लोवाकियाने एप्रिल 2020 ला पोलीस-लष्कर लावून सील केल्या, बल्गेरियात याम्बोलला तर त्यांच्या मोहल्ल्यावर हेलिकॉप्टरने औषध फवारलं. रोग सगळ्यांना होतो, पण बंदोबस्त मात्र आमच्यासारख्यांचाच होतो.

भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राचे आयोग किती झाले, रेणके झाला, इदाते झाला. रेणके आयोगाने 2008 लाच सांगितलं की देशात आम्ही भटके-विमुक्त दहा कोटींच्या वर असू. मग 2022 ला केंद्राने आमच्यासाठी सीड नावाची योजना आणली, पाच वर्षांना 200 कोटी. करा की भागाकार, माणशी पाच वर्षांचे वीस रुपयेसुद्धा होत नाय! वीस रुपयात भात्याचा कोळसा येत नाय साहेब. मतदान आलं की पुढाऱ्यांना पाल बरोबर सापडतं, योजना आली की पालाचा पत्ताच नसतो. कागद असलेल्यांनाच आणखी कागद आणि आणखी धान्य, हे कसलं कल्याण?

मागणं जास्त नाय. 1961 च्या पुराव्याचा हट्ट सोडा आणि गृहचौकशी करून दाखले द्या, आमच्या भाऊबंदांना विचारा, पालावर येऊन भाता बघा. रेशन कार्ड जागेच्या कागदाशिवाय द्या. जनगणनेत जात मोजणार आहात तर भटक्या-विमुक्तांचा स्वतंत्र रकाना ठेवा, नायतर परत अंदाजपंचेच चालणार. आणि 2020 ला नेलेल्या आमच्या झेरॉक्स कुठल्या फाईलला लावल्या हे लेखी कळवा, तोंडी आश्वासन आता नको.

पालावरची एक मुलगी,
सोलापूर जिल्हा