फरशी, फडकं आणि मी

॥ श्री ॥
शहापूर, बेळगाव
आषाढातला रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

"आई मशीन वापरते का?" असं तू परवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस आणि मी अंगठा पाठवून मोकळा झालो. तो अंगठा अर्धा खोटा होता. तू पाठवलेलं फरशी पुसायचं मशीन रोज वापरात आहे, पण आई वापरत नाही, मी वापरतो. हे दोन ओळींत सांगण्यासारखं नाही म्हणून कागद घेतला. शिवाय तूही तुझ्या घरी असलंच एक घ्यायचं म्हणतोस, तेव्हा माझ्या चुका तुला फुकटात मिळू देत.

खोकं आलं त्या दिवशी आईनं लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "एवढं दांडकं मला कुठलं झेपतंय?" तीनेक किलोचं धूड, तिचं म्हणणं चूक नव्हतं. मी आपला सहज जोडायला बसलो. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर जन्म काढलेल्या माणसासमोर दोन तबकड्या आणि एक मोटर ठेवल्यावर तो गप्प बसेल काय? आत पुस्तिका होती, इंग्रजी आणि हिंदीत. आपल्या भागात मराठी-कानडीवरून एवढा काळ वाद, आणि फरशी पुसायच्या मशीनचं पुस्तक दोन्हीत नाही!

बटण दाबलं आणि मला नवल वाटलं. तीन किलोचं धूड हाताला जड लागेना. एक तबकडी उजवीकडं फिरते, एक डावीकडं. दोन्ही एकाच बाजूला फिरल्या असत्या तर दांडा हातातून निसटून भिंतीवर गेला असता. उलट फिरतात म्हणून एकीची ओढ दुसरी मोडते आणि यंत्र तबकड्यांना लावलेल्या कापडी पॅडवर तरंगल्यासारखं चालतं. नुसतं दिशा दाखवायची. ज्यानं हे काढलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

वायर नाही, हेही मला फार पटलं. तुला त्यात सोय दिसली असेल. मला आठवला वर्कशॉपमधला ओला फ्लोअर आणि त्यावरून ओढलेली एक्स्टेन्शनची वायर, जिच्यावरून मी पोरांना रोज ओरडायचो. पाणी आणि वायर एका ठिकाणी नकोत. म्हणून अजूनही मी चार्जर काढल्याशिवाय टाकीत पाणी भरत नाही.

आता पहिली चूक. उत्साहाच्या भरात केर न काढताच सोप्यात मशीन फिरवलं. आपल्या गल्लीत अजून दोन घरांत माग चालतात, धाग्याचे तंतू हवेतून आत येतात, पावसात चपलांबरोबर लाल चिखल येतो, आणि आईनं सकाळी तांदूळ निवडलेले. पॅडनं ते सगळं गोळा करून फरशीवर गोल गोल चिखलाची रांगोळी काढली. एक तांदूळ पॅडखाली अडकला, तो करकर करत फिरला. आई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. हे यंत्र केर ओढून घेत नाही, नुसतं पुसतं, एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती. ओढून घेणारी यंत्रं वेगळी असतात, त्यांत चांगल्या पाण्याची एक आणि घाण पाण्याची एक अशा दोन टाक्या असतात. तू घेताना ते विचारून घे. आपल्याकडं आधी केरसुणी, मग मशीन.

दुसरी चूक जास्त महागात पडली. पुसायचं म्हणजे फिनाईल, हे डोक्यात बसलेलं. टाकीत पांढरं फिनाईल ओतलं, चांगलं दोन झाकणं. चार दिवसांत फवारा बंद. त्यात आपलं बोअरचं पाणी जड, त्याचा क्षार नोझलच्या भोकात बसलेला. पुस्तिकेत होतं की नुसतं पाणी वापरा, फार तर फेस न होणाऱ्या लिक्विडचे दोन-चार थेंब. मी पुस्तिका नंतर वाचली, सगळे फिटर नंतरच वाचतात. मग व्हिनेगरात फडकं भिजवून नोझलवर तासभर गुंडाळून ठेवलं. नोझल सुटलं, फवारा लागला, मी खूश. पण त्या तासाभरात व्हिनेगरचे थेंब खाली शहाबादी फरशीवर पडत होते ते बघितलंच नाही. आता सोप्यात झोपाळ्याजवळ रुपयाएवढे तीन पांढुरके डाग आहेत. कितीही पुसा, जात नाहीत, कारण ते डाग नव्हेतच. शहाबादी म्हणजे चुन्याचा दगड. आंबट त्याला खातं, वरची झिलई जाते. मधल्या खोलीच्या मोझॅकलाही तेच, त्यात संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट. लिंबू, व्हिनेगर, संडास धुवायचं अ‍ॅसिड यांतलं काहीही दगडावर पडू द्यायचं नाही. तुझ्या फ्लॅटमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्सना त्याची भीती नाही, पण तिथं पाणी जास्त झालं की वाळल्यावर पट्टे दिसतात. फवारा थोडाच मार.

आता टाकीत नळाचं पाणी घालतो. राकसकोप धरणाचं पाणी नळाला येतं त्या दिवशी दोन बाटल्या वेगळ्या भरून ठेवतो. आई म्हणते, प्यायच्या पाण्याची एवढी काळजी कधी केलीत नाही.

पॅडबद्दल एवढंच की ओलं पॅड मशीनला रात्रभर लावून ठेवलं तर सकाळी घरभर ओल्या कुत्र्याचा वास. आषाढात आपल्याकडं कपडे वाळत नाहीत हे तुला माहीत आहेच, म्हणून दोन जोड लागतात, एक वापरात आणि एक पंख्याखाली. साध्या साबणानं धुवायचे. कपडे मऊ करायचं ते सुवासिक पाणी त्यांना घालायचं नाही. त्यानं धाग्यांवर थर बसतो आणि पॅड पाणी शोषेनासं होतं. बॅटरीबाबत खोक्यावर पन्नास मिनिटं लिहिलीत, मला चाळीस मिळतात, घराला पंचवीस पुरतात. पूर्ण उतरेपर्यंत ताणत नाही. तुझ्याकडं महिनाभर राहायला येऊ तेव्हा अर्धी चार्ज करून, प्लग काढून, टाकी रिकामी करून ठेवणार आहे.

शेजारच्या अक्का परवा मुद्दाम बघायला आल्या. "नेल ओरसो मशीन?" म्हणाल्या, फरशी पुसायचं मशीन हेच काय म्हणून. एक फेरा मारून दाखवला. "चलो ऐति री," चांगलं आहे हो, म्हणाल्या, आणि मग आईकडं बघून असं काही हसल्या की मला कळलं, बायकांचं आधीच बोलणं झालेलं आहे.

तेच मला तुला सांगायचं होतं.

माझी आई खानापूरकडच्या घरात जमीन सारवायची. शेणाचा काला, हातात पोतेरं, उकिडवं बसून मागं मागं सरकत दारापर्यंत. ओल्या जमिनीवर पाय उमटू नयेत म्हणून आम्हा पोरांना उंबऱ्यावर बसवून ठेवायची. पुढं शहापुरात हे घर घेतलं, शहाबादी घातली, आणि तुझी आई त्याच बसणीनं फडकं घेऊन मागं मागं सरकायला लागली. जमीन बदलली, बसणं तेच राहिलं. तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी काय केलं माहीत आहे? लांब दांड्याचं मॉप आणून दिलं. तिला आणून दिलं. स्वतः धरलं नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा "मावशी लावू या" म्हणालो. मावशी पावसात येत नाहीत, त्या दिवशी मी पेपर वाचत पाय वर उचलून धरायचो आणि ती खालनं पुसून जायची.

आणि यंत्र आलं त्या दिवसापासून फरशी माझी झाली. कुणी सांगितलं नाही. मोटर आहे, बॅटरी आहे, आवाज येतो, म्हणजे ते पुरुषाचं काम! गल्लीतल्या लोकांना मी स्वतः बोलावून दाखवतो. दार उघडं ठेवून पुसतो. फडकं हातात असताना कधी दार उघडं ठेवलं असतं काय? फडकं हातात घेतलंच नव्हतं.

हे माझं मला सुचलेलं नाही. मागच्या मंगळवारी मी तिला बेअरिंगचा आवाज कसा एकसारखा येतो ते समजावत होतो. ती म्हणाली, "फडक्यालाबी बटन असतं तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत एकदा तरी हात लावलासा काय?" रागानं नाही, भाजी चिरता चिरता. मी हसलो. मग हसू राहिलं नाही.

तू हे मशीन आईला पाठवलंस, बापाला नाही, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं. तुझ्या घरी घेशील तेव्हा सूनबाईच्या वाढदिवसाला देऊ नकोस. आपलं घरात आणून ठेव.

बाकी सगळं ठीक. गणपतीला येताना याच मॉडेलच्या पॅडचा एक जोड आण, नंबर खोक्यावर आहे, फोटो पाठवतो. कुंदा इथून न्यायचा आहे, तिकडून मिठाई आणू नकोस.

एक राहिलं. तबकड्या गोल आहेत, त्यामुळं कोपऱ्यात तीन बोटं जागा सुटते. देव्हाऱ्याखाली, कपाटाच्या कडेला, दाराच्या मागं. मी पुसून झालं की ती हळूच येऊन, भिंतीला धरून वाकून ते कोपरे पुसते. महिनाभर माझ्या लक्षातच आलं नाही, मला वाटत होतं मशीन सगळं पुसतं. काल मी तिला विचारलं, ते फडकं कुठं असतं? मागच्या दारी, तगरीजवळच्या दोरीवर. हे घर घेतलं तेव्हापासून तिथंच वाळत असतं म्हणाली.

तुझा,
बाबा