वैमानिक पालकांना अर्धवेळ कामाचा हक्क हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारतातील वैमानिकांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे 15 टक्के, म्हणजे जागतिक सरासरीच्या जवळपास तिप्पट आहे, ही गोष्ट दर महिला दिनाला आवर्जून छापून येते. एका फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिक मुलीचा बाप म्हणून मलाही ती वाचून बरे वाटते. मात्र त्यांतील किती जणी मूल झाल्यावर कॉकपिटमध्ये टिकतात, याचा हिशेब त्या बातमीत नसतो.

माझी मुलगी प्रसूती रजा संपवून कामावर परतली तेव्हा नातू सहा महिन्यांचाही नव्हता. रात्री पावणेतीनला कंपनीची गाडी सोसायटीच्या फाटकाशी येते. चालक बिचारा हॉर्न न वाजवता मिस्ड कॉल देतो, पण ट्रॉली बॅगेची चाके फरशीवर वाजली की नातू जागा होतोच. जावईही वैमानिक असल्याने दोघांच्या ड्युट्या एकाच रात्री बाहेरगावी लागल्या की आम्ही नवराबायको ठाण्याहून अंधेरीला मुक्कामाला जातो. यंदा मुलीने निम्मे उड्डाण आणि निम्मा पगार असा अर्ज केला. 'ऑपरेशनली शक्य नाही' असे तोंडी उत्तर मिळाले. तिने लेखी कारण मागितले, ते अद्याप आलेले नाही.

मी एसटीच्या आगारात बरीच वर्षे चालक-वाहकांच्या ड्युट्या लावल्या आहेत. मुक्कामी गाडी कोणाला द्यायची, यावरून होणारी भांडणे मी रोज ऐकली आणि 'शक्य नाही' हे उत्तरही अनेकांना दिले. त्यातल्या बऱ्याच वेळा त्याचा खरा अर्थ 'तक्ता पुन्हा बसवायचा मला कंटाळा आहे' एवढाच होता, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही. म्हणूनच या उत्तराची कोणीतरी तपासणी करायला हवी, असे मला वाटते.

ब्रिटनमध्ये अशी तपासणी झाली आहे. ब्रिटिश एअरवेजच्या वैमानिक जेसिका स्टार्मर यांनी मुलीच्या जन्मानंतर 50 टक्के काम मागितले, कंपनीने 75 टक्के देऊ केले. पुढे कंपनीने सुरक्षिततेचा मुद्दा काढला आणि 75 टक्क्यांहून कमी काम करायचे तर 2000 तासांचा उड्डाण अनुभव हवा, अशी अट सांगितली. रोजगार न्यायाधिकरणाने या अटीला पुरावा मागितला, तेव्हा निम्म्या वेळेच्या उड्डाणाने त्या असुरक्षित ठरतील असे दाखवणारे काही समोर आले नाही. अशा अटीचा फटका प्रामुख्याने महिलांना बसतो, म्हणून हा अप्रत्यक्ष लिंगभेद ठरला आणि 2005 मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला. त्या देशात लहान मुलांच्या पालकांना कामाच्या वेळा बदलून मागण्याचा कायदेशीर हक्क 2003 पासून होता, 2014 मध्ये तो सर्व कर्मचाऱ्यांना मिळाला आणि 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. मागितले की मिळालेच पाहिजे, असे तिथेही नाही, परंतु नकार द्यायचा तर कायद्यात बसणारे कारण द्यावे लागते.

आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आली, ही चांगलीच गोष्ट झाली. त्याच दुरुस्तीत कामाचे स्वरूप परवानगी देत असेल तर घरून काम करण्याची, तसेच 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आहे. आता विमान घरून चालवता येत नाही, आणि गुवाहाटीला उतरलेली आई अंधेरीच्या पाळणाघरात चार वेळा कशी डोकावणार, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक. ज्या नोकरीत माणूस रात्रीही घरी नसतो, तिथे आठवड्यातले किंवा महिन्यातले कामाचे दिवस कमी करून मिळणे एवढाच उपाय उरतो, आणि नेमका तोच कायद्यात नाही.

सुरक्षिततेचे म्हणाल, तर 90 दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग, दर सहा महिन्यांनी कौशल्य चाचणी, हे नियम आहेतच. देशांतर्गत मार्गांवर निम्मे काम करणारा वैमानिक तीन लँडिंग दोन दिवसांत पूर्ण करतो. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. सिम्युलेटर आणि प्रशिक्षणाचा खर्च अर्धवेळ माणसासाठी अर्धा होत नाही. पण माझ्या मुलीने राजीनामा दिला तर कंपनीला नव्या माणसावर पहिल्यापासून खर्च करावा लागेल आणि तो तयार होईपर्यंत निम्मे तासही मिळणार नाहीत. डिसेंबर 2025 मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार वैमानिक कमी पडले आणि हजारो प्रवासी विमानतळांवर खोळंबले, त्यानंतर अनुभवी माणूस गमावणे कोणाला परवडणार आहे?

नोकरी सोडायची झाल्यास कॅप्टनने एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरने सहा महिने आधी नोटीस द्यावी, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, 2017 चा नियम आहे आणि त्यासाठी जनहिताचे कारण दिले गेले. वैमानिकाला जनहितासाठी धरून ठेवता येत असेल, तर त्याच जनहितासाठी कंपनीवरही काही बंधन घालता येईल. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत महिन्यात दोन आठवडे सुट्टीचा करार इंडिगो महिला वैमानिकांना देत असल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले होते, म्हणजे भारतातही तक्ता बसतो. पण ती कंपनीची मर्जी झाली, शिवाय त्यात बाप कुठेच नाही. जावयाला निम्मे काम मिळाले असते, तर कदाचित मुलीला अर्जच करावा लागला नसता.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने आणि डीजीसीएने एवढेच करावे: लहान मूल असलेल्या वैमानिक आईला किंवा वडिलांना अर्धवेळ कामाचा अर्ज करण्याचा हक्क द्यावा, कंपनीने ठराविक मुदतीत लेखी व सकारण उत्तर देण्याचे बंधन घालावे आणि नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोय करावी. मुलीने राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले आहे. लेखी उत्तराची ती या महिनाअखेरपर्यंत वाट पाहणार आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, ठाणे