मार्फाची माणसे लेखातून गायब कशी?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला टेक्ससमधल्या मार्फा गावावरचा लेख वाचला. मांडणी छान, फोटोही देखणे. पण वाचून झाल्यापासून डोके भणभणते आहे, म्हणून आज हे पत्र. गुराख्यांचे मरायला टेकलेले गाव, तिथे 1971 मध्ये न्यूयॉर्कहून डोनाल्ड जड हे शिल्पकार आले आणि गावाने कात टाकली, अशी ती सगळी कथा. त्याआधीच्या नव्वद वर्षांच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली. त्यात रेल्वे आहे, गुरे आहेत, दुष्काळ आहे. माणूस एकही नाही.

जड यांच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. तोफखान्याच्या दोन जुन्या शेडमध्ये त्यांनी मांडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या शंभर पेट्या मी स्वतः पाहिल्या आहेत. ऊन कलते तशी त्या धातूची छटा पालटत जाते, बघणारा खिळून राहतो. मुलगी एल पासोला असते, तिच्याकडे गेलो असताना तिने मुद्दाम नेले होते. पण मी जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात काम केलेला माणूस. माझे लक्ष तिथल्या कुरणांकडे जास्त होते.

आधी ‘कात टाकली’ याचा समाचार घेतो. मार्फाची लोकसंख्या 1930 च्या जनगणनेत 3,909 होती. 1950 मध्ये ती 3,600 च्या घरात होती, पुढच्या दहा वर्षांत 2,800 पर्यंत खाली आली. 2000 मध्ये 2,121, 2010 मध्ये 1,981 आणि 2020 मध्ये 1,788. म्हणजे जड आले, 1986 मध्ये त्यांची चिनाटी फाउंडेशन ही कलासंस्था उघडली, जगभरचे पर्यटक येऊ लागले, आणि माणसे कमीच होत गेली. लेखिकेने पर्यटकांचा आकडा दिला, राहणाऱ्यांचा दिला नाही. गाव जगले की नाही हे कोणाच्या आकड्यावरून ठरवायचे?

कमी का झाली, तेही सांगितले पाहिजे. गाव वसले 1883 मध्ये, रेल्वेच्या इंजिनांना पाणी देण्याचा थांबा म्हणून. तीनच वर्षांत जिल्ह्याचे कोर्ट उभे राहिले. उंचावरचा, महाबळेश्वराहूनही उंच, गवताळ माळ. लेखात त्याला सरसकट वाळवंट म्हटले आहे, ते मला खटकले. पाऊस आमच्या माणदेशासारखाच तोकडा, वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास. पण ग्रामा जातीचे गवत तिथे असे धरते की हेरफर्ड गुरांसाठी तो मुलूख नावाजला गेला. मात्र एका गाईला चरायला पन्नास एकर, कुठे कुठे त्याहूनही जास्त रान लागते. एवढ्या रानाला गुराखी किती लागणार? अशा गावाची लोकसंख्या मुळातच बेताची असते. मार्फाला वर काढले होते ते लष्कराने. 1911 पासून तिथे छावणी होती, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक तयार करण्याचा तळही आला. युद्ध संपले आणि 1946 पर्यंत दोन्ही बंद झाले. त्यावर 1950 ते 1957 असा सात वर्षांचा दुष्काळ.

त्या दुष्काळात गुरे कशी जगवली, ते वाचण्यासारखे आहे. निवडुंगाचे काटे पेटत्या बर्नरने जागेवरच भाजून काढायचे आणि मऊ पडलेली पाने गुरांपुढे टाकायची. बर्नरचा फरफर आवाज कानी पडला की लांबवर पांगलेली गुरे धावत येत, कारण आवाज म्हणजे वैरण हे त्यांना कळलेले असायचे. 1972 च्या दुष्काळात पाला ओरबाडून जनावरे जगवणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून मला या गोष्टीचे मोल कळते. लेखिकेने त्या दुष्काळातून काय उचलले, तर 1955 मध्ये एलिझाबेथ टेलर आणि जेम्स डीन तिथे शूटिंगला आले होते, एवढेच.

आता मूळ मुद्दा. हे भाजलेले निवडुंग टाकणारे हात कोणाचे होते? बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचे. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी, 1857 च्या सुमारास मिल्टन फेव्हर यांनी या भागात पहिली मोठी रँच उभारली, तीही मेक्सिकन माणसांच्या बळावरच. आजही गावात निम्म्याहून जास्त लोक त्याच वंशाचे आहेत. याच जिल्ह्यात, रिओ ग्रँदे नदीकाठच्या पोर्वेनीर या वाडीवर 28 जानेवारी 1918 च्या रात्री टेक्सस रेंजर्स, म्हणजे त्या राज्याचे सशस्त्र पोलीस, आले आणि पंधरा पुरुष व मुलगे वेगळे काढून त्यांनी गोळ्या घातल्या. उरलेली माणसे नदी ओलांडून पळाली, वाडी ओस पडली. लोकसंख्या कमी होण्याची ही पण एक तऱ्हा. लेखात पोर्वेनीरचे नावही नाही.

आणि ब्लॅकवेल शाळा? मार्फाला जाऊन ती शाळा न पाहता आलेल्या माणसाने मार्फावर लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी 1909 मध्ये बांधलेली ही वेगळी शाळा. तशी वेगळी बसवा असे कायद्यात कुठे लिहिलेले नव्हते, पण 1965 पर्यंत ती मुले वेगळीच बसत होती. शाळेत स्पॅनिश बोलायची बंदी. बोलले की फळीचा मार. 1954 मध्ये शिक्षकांनी मुलांना चिठ्ठ्या लिहायला लावल्या, त्या एका पेटीत भरल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ खड्डा खणून ती पेटी पुरली. स्पॅनिशचा अंत्यविधी! मुले उभी राहून आपल्या आईची भाषा मातीआड जाताना पाहत होती. मी त्या इमारतीत गेलो, भिंतीवरचे वर्गांचे फोटो पाहिले. तेल लावून चापून बसवलेले केस, इस्त्रीचे सदरे, पोरे कॅमेऱ्याकडे एकटक बघताहेत. एका फोटोपुढून मला हलवेना. मुलगी बाहेर गाडीत खोळंबली होती.

हलवेना, कारण माझ्या धाकट्याला तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत घातले तेव्हा मराठी बोलल्याबद्दल त्याला दंड झाला होता. पैसे मोठे नव्हते. पण वर्गापुढे उभे करून, त्याच्या तोंडून चूक वदवून, मग दंड घेतला. पोराने घरी सांगितले नाही, वहीतल्या शिक्क्यावरून आम्हाला कळले. मी शाळेत गेलो, बाईंशी भांडलो, उत्तर मिळाले की पालकांचीच तशी मागणी असते. पुढे कितीतरी दिवस तो आजीशीसुद्धा दबकत बोलायचा. आजीला वाटायचे, नातवाला आपला राग आला. आज तो चाळिशीला आला आहे, पण त्याची ती खाली गेलेली मान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मार्फाच्या माणसांनी मात्र ते पचवून सोडून दिले नाही. इमारत पाडायची वेळ आली तेव्हा माजी विद्यार्थीच उभे राहिले. 2007 मध्ये जमून त्यांनी ते थडगे प्रतीकात्मक रीतीने उकरले आणि स्पॅनिश भाषा पुन्हा वर काढली. 2022 मध्ये अमेरिकेच्या संसदेने शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केले. गावाने कात टाकली म्हणायचे तर याला म्हणा. मराठी शाळा बंद पडत असल्याच्या बातम्या आपल्याच पहिल्या पानावर येतात, अशा वेळी मराठी वाचकाला मार्फातली हीच गोष्ट सांगायची राहते, याचे मला फार वाईट वाटले.

आणखी एक. जुनी कुटुंबे गाव का सोडतात याबद्दल लेखात चकार शब्द नाही. बाहेरच्या श्रीमंतांनी मातीच्या कच्च्या विटांची जुनी घरे भारी किमतीला घेतली. मग 2017 च्या सुमारास करआकारणीत अशा घरांचा वेगळा वर्ग करून मूल्यांकन वाढवले गेले. आजोबांनी हाताने विटा पाडून बांधलेल्या घरात राहणाऱ्या, गुराख्याच्या पेन्शनीत भागवणाऱ्या म्हातारीला तो कर कसा झेपावा?

चौथ्या फोटोखालची ओळही चुकली आहे. रस्त्याकडेचे ते ‘प्राडा’ या महागड्या ब्रँडचे दुकान ही 2005 ची कलाकृती आहे, आणि ती मार्फात नाही. नाव मार्फाचे असले तरी ती सुमारे 60 किलोमीटर दूर, व्हॅलेंटाइन गावाजवळ शेजारच्या जिल्ह्यात आहे. ही दुरुस्ती कृपया छापावी.

ओघात आणखी एक विनंती. परदेशातल्या गुरांच्या गावाला आपण पाऊण पान दिले, चांगले केले. पण पौषात खरसुंडीची जनावरांची यात्रा भरते, खिलारची दावण नजर पोहोचेल तिथपर्यंत लागते, त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपली होती, आणि त्यातही बैलांपेक्षा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावे जास्त. पुढच्या यात्रेला वार्ताहर पाठवावा. दावणीवर कोणाला भेटायचे, जनावराचे काय बघायचे, ते मी सोबत फिरून दाखवीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
आटपाडी, जि. सांगली